३,३५० टन की १६० किलो? जमिनीखालच्या आकड्यांवर विश्वास कधी ठेवायचा

फेब्रुवारी २०२० मधला तो फॉरवर्ड आठवतोय का? उत्तर प्रदेशातल्या सोनभद्र जिल्ह्यात हजारो टन सोनं सापडलं. आकडा फिरत फिरत ३,३५० टनांवर स्थिरावला. सोबत तयार हिशोब होताच: रिझर्व्ह बँकेकडे आहे त्याच्या पाचपट सोनं, आता देशाचं कर्ज फिटणार, वगैरे. आमच्या फॅमिली ग्रुपवर काकांनी तो सकाळी टाकला आणि दुपारपर्यंत आणखी तिघांनी तोच टाकला. मीही अंगठा दाखवून मोकळा झालो होतो.

२२ फेब्रुवारीला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण म्हणजे जीएसआयने खुलासा केला. असा अंदाज आम्ही दिलेलाच नाही, असं त्यांनी सांगितलं. त्यांच्या अभ्यासात होतं ते असं: ५२,८०६.२५ टन कच्चं खनिज आणि त्यात दर टनामागे सरासरी ३.०३ ग्रॅम सोनं. फोनवरचा कॅल्क्युलेटर काढा आणि गुणाकार करा. १,६०,००३ ग्रॅम. म्हणजे १६० किलो.

३,३५० टन आणि १६० किलो. फरक जवळजवळ २१ हजारपट. जीएसआयच्या आकड्यातले 'टन' दगडाचे होते, सोन्याचे नव्हते.

ही गोष्ट विनोद म्हणून सांगून सोडून देता येते. पण मला त्यातला दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो. एका सरकारी संस्थेने, सगळा देश खूश असताना, दुसऱ्या सरकारी खात्याच्या नावाने फिरणारा आकडा जाहीरपणे चूक ठरवला. त्यांना गप्प बसता आलं असतं. आपला आकडा दुसऱ्याने चुकीचा वापरला तर तो दुरुस्त करणं हीसुद्धा त्या आकड्याच्या मालकाची जबाबदारी आहे. भूवैज्ञानिकांच्या व्यवसायात नीतिमत्ता म्हणतात ती बऱ्याचदा एवढीच साधी असते, आणि एवढीच अवघड.

हे आपल्याला आत्ता का माहीत हवं?

कारण असे आकडे आता सारखे येणार आहेत. तुमच्या हातातल्या फोनच्या बॅटरीत लिथियम आहे आणि बऱ्याचदा कोबाल्टही. स्पीकरच्या चुंबकात निओडिमियमसारखी दुर्मीळ मूलद्रव्यं आहेत. ही खनिजं देशातच मिळावीत म्हणून २९ जानेवारी २०२५ ला केंद्र सरकारने राष्ट्रीय क्रिटिकल मिनरल मिशनला मंजुरी दिली. सरकारी खर्च १६,३०० कोटी रुपये. २०२४-२५ ते २०३०-३१ या काळात जीएसआयने १,२०० शोधप्रकल्प करायचे आहेत. त्याआधी २०२३ मध्ये खाण कायदा बदलून खासगी कंपन्यांना शोधाचे परवाने देण्याची सोय झाली.

थोडक्यात, पुढची पाच-सहा वर्षं 'अमुक ठिकाणी अमुक इतकं सापडलं' ही बातमी नियमित येणार. त्या बातमीवर कुणी शेअर घेईल, कुणाच्या गावात जमिनीचे भाव हलतील, कुणाच्या घराशेजारी मशीन येऊन उभं राहील. आपल्यापैकी अनेकांकडे डीमॅट अ‍ॅप आहे. खरेदीचं बटण दाबायला तीन सेकंद लागतात. आकडा तपासायला मात्र थोडी माहिती लागते. ती घेऊया.

जमिनीखालचं दिसत नाही, मग आकडा येतो कुठून?

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे डेटाबेसला प्रश्न विचारला की किती नोंदी आहेत ते तो मोजून सांगतो. भूवैज्ञानिकाला ही चैन नाही. त्याचा डेटाबेस शंभर-दोनशे मीटर दगडाखाली आहे आणि तो उघडताच येत नाही.

तो काय करतो? आधी नकाशा, मग पृष्ठभागावरचे दगड-मातीचे नमुने, मग ड्रिलिंग. ड्रिलमधून दगडाचा लांब दंडगोल तुकडा वर येतो, त्याला 'कोअर' म्हणतात. मनगटाएवढा जाड म्हणा. तो खोक्यांत क्रमाने मांडतात आणि सहसा उभा कापतात. अर्धा भाग प्रयोगशाळेत जातो, अर्धा खोक्यात राहतो. असे काही खड्डे, त्यांच्यामध्ये कधी शंभर मीटर तर कधी त्याहून कितीतरी जास्त अंतर. त्या मधल्या न पाहिलेल्या जागेत काय असेल, हे भूवैज्ञानिक आपल्या अभ्यासावरून ठरवतो.

कल्पना करा, एका फोटोतले फक्त दहा पिक्सेल तुम्हाला दिलेत आणि उरलेला फोटो ओळखायचा आहे. आकाशाचा फोटो असेल तर जमेल. जत्रेतल्या गर्दीचा असेल तर? दगडांचंही तसंच असतं. कोळशाचा थर मैलोनमैल सारखा जाऊ शकतो. सोनं मात्र लहरी. एका खड्ड्यात चकाकेल, दहा मीटरवर गायब.

म्हणून या व्यवसायात प्रत्येक आकड्याला एक शेपूट असतं. भारतात ते जी-४ ते जी-१ असं लिहितात. जी-४ म्हणजे पहिली टेहळणी, जी-३ प्राथमिक शोध, जी-२ साधारण शोध आणि जी-१ तपशीलवार शोध. आकडा जसजसा लहान होतो, तसतशी खात्री वाढते. याशिवाय आणखी एक मोठा फरक आहे. जमिनीत आहे असं वाटतं ते 'संसाधन'. आजच्या तंत्रज्ञानाने, आजच्या भावात, कायद्यात बसवून, नफ्यात काढता येईल ते 'राखीव साठा'. पहिल्यातलं दुसऱ्यात किती येईल, हे अभ्यास झाल्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. कधी कधी शून्यसुद्धा येतं.

'साठा' या शब्दाने केलेला घोळ

९ फेब्रुवारी २०२३. जम्मू-काश्मीरमधल्या रियासी जिल्ह्यात सलाल-हैमाना भागात लिथियम मिळाल्याचं खाण मंत्रालयाने जाहीर केलं. मूळ निवेदनात शब्द स्पष्ट होते: ५९ लाख टन, 'अनुमानित संसाधन', जी-३. प्रामाणिक लेबल, व्यवस्थित लावलेलं.

मग ती बातमी आपल्यापर्यंत कशी आली? 'भारतात लिथियमचा प्रचंड साठा सापडला.'

मराठीत हा घोळ जास्तच होतो. आपल्याकडे अंदाज, संसाधन, राखीव या सगळ्यांना एकच शब्द: साठा. आणि साठा म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? धान्याची कणगी, गोदाम, तेलाचे डबे. भरून ठेवलेलं, मोजलेलं, कुलूप उघडलं की हातात येणारं. जी-३ म्हणजे असं गोदाम नाही. जी-३ म्हणजे 'इथे खणून पाहण्यासारखं आहे'.

दुसरा घोळ तुलनेचा. चिलीकडे त्या सुमारास ९३ लाख टन राखीव साठा धरला जात होता, म्हणून आपण जगात वरच्या नंबरात, असे तक्ते फिरले. पण चिलीचा आकडा होता निव्वळ लिथियमचा आणि तोही काढण्याजोग्या. आपला आकडा, पुढे सरकारी उत्तरांतही स्पष्ट झाल्याप्रमाणे, लिथियम असलेल्या खनिजाचा. हिशोबापुरतं समजा की एक टन खनिजात अर्धा किलो लिथियम आहे. मग ५९ लाख टनांत किती? २,९५० टन. तक्त्यात ९३ लाखांच्या शेजारी हे लिहून बघा.

पुढे काय झालं? नोव्हेंबर २०२३ मध्ये हा ब्लॉक लिलावाला निघाला. पुरेसे पात्र बोलीदार न आल्याने मार्च २०२४ मध्ये तो लिलाव रद्द झाला. पुन्हा काढला, तोही रद्द झाला. ज्या कंपन्यांना पैसे घालायचे होते त्यांनी लेबल वाचलं होतं. आपण फक्त हेडलाइन वाचली होती.

इथे भूवैज्ञानिकांनी खोटं सांगितलं का? नाही. मंत्रालयाने? निवेदनात जी-३ लिहिलेलं होतं. तरीही लाखो लोकांच्या डोक्यात चुकीचं चित्र बसलं. मला वाटतं, खरी अडचण इथेच आहे. खोटं कुणीच बोललं नाही आणि खरंही कुणाला कळलं नाही. आकड्याची अट आकड्यापासून सुटली की एवढं पुरतं. ती सुटू नये म्हणून शास्त्रज्ञाने साध्या भाषेत पुन्हा पुन्हा बोलणं, हे मग कर्तव्याचा भाग होतं. रिपोर्टच्या तळटीपेत लिहून हात झटकता येत नाहीत.

रियासीत निदान लेबल खरं होतं. आता अशी गोष्ट बघू, जिथे बाटलीतला मालच बदलला होता.

बॅकअप डिलीट केलेली खाण

ब्रे-एक्स ही कॅनडातल्या कॅलगरीची छोटी कंपनी. १९९३ मध्ये तिने इंडोनेशियातल्या बोर्निओ बेटावर, पूर्व कालिमंतानमधल्या बुसांग इथली जागा घेतली. ड्रिलिंग सुरू झालं. आकडे येऊ लागले आणि वाढतच गेले. १९९७ च्या सुरुवातीला दावा होता ७ कोटी १० लाख औंसांचा, म्हणजे सुमारे २,२०० टन सोन्याचा. काही सेंटचा शेअर, स्प्लिट धरून २८० कॅनेडियन डॉलरच्या वर गेला. कंपनीची बाजारातली किंमत सहाशे कोटी डॉलरच्या घरात. सामान्य लोकांचे पैसे त्यात होते, ऑन्टारियोतल्या शिक्षकांच्या पेन्शन फंडाचेही होते.

मग मार्च १९९७ उजाडला. भागीदार म्हणून येऊ घातलेल्या फ्रीपोर्ट-मॅकमोरान या मोठ्या कंपनीने पैसे घालण्यापूर्वी ब्रे-एक्सच्या खड्ड्यांच्या अगदी शेजारी स्वतःचे खड्डे मारले. त्याच सुमारास, १९ मार्चला, बुसांगचं काम पाहणारे भूवैज्ञानिक मायकेल डी गुझमन हेलिकॉप्टरमधून पडून मरण पावले. २६ मार्चला फ्रीपोर्टने सांगितलं की आमच्या खड्ड्यांत नगण्य सोनं आहे. मे महिन्यात स्ट्रॅथकोना या स्वतंत्र तपासणी कंपनीचा अहवाल आला. नमुन्यांत बाहेरून सोनं मिसळलं होतं आणि तेही इतक्या मोठ्या प्रमाणावर, की खाण उद्योगाच्या इतिहासात असं आधी कुठे झाल्याचं त्यांना माहीत नव्हतं.

आता तांत्रिक भाग बघा, कारण शिकण्यासारखं तिथे आहे.

एक: सोन्याचे कण गोलसर होते. दगडात अडकलेलं सोनं असं नसतं. नदीच्या वाळूत घासून घासून कडा झिजलेलं सोनं असं असतं. कुणीतरी नदीतलं सोनं आणून दगडाच्या चुऱ्यात टाकलं होतं. भिंगाखाली नीट पाहणाऱ्याला हे आधीही दिसू शकलं असतं.

दोन: वर सांगितलं तसं, कोअरचा अर्धा भाग जपून ठेवायचा असतो. बुसांगमध्ये जवळजवळ अख्खा कोअर चुरून टाकला जायचा. कारण दिलं होतं की इथलं सोनं एकसारखं पसरलेलं नाही, म्हणून मोठा नमुना लागतो. ऐकायला शास्त्रीय. परिणाम काय? परत तपासायला काहीच शिल्लक नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर कुणीतरी लॉग पुसले, बॅकअप डिलीट केला आणि कारण सांगितलं 'परफॉर्मन्स'.

तीन: एका बाहेरच्या सल्लागार कंपनीने आकडेमोड करून दिली होती. तिची गणितं बरोबर होती. पण नमुने तिने स्वतः घेतले नव्हते, जे दिलं त्यावर मॉडेल चालवलं. चुकीचा डेटा आत घातला तर जगातलं सगळ्यात भारी मॉडेलही चुकीचंच उत्तर देणार, फक्त सुंदर रंगीत नकाशासह.

या प्रकरणात शेवटी कुणालाही तुरुंगवास झाला नाही. प्रमुख भूवैज्ञानिक जॉन फेल्डरहॉफ यांच्यावर शेअर व्यवहारांचे आरोप होते. २००७ मध्ये न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवलं. पैसे मात्र गेले ते गेलेच.

हिमालयात सापडलेले मोरोक्कोचे जीवाश्म

तुम्ही म्हणाल, कंपन्या आहेत, पैसा आहे, लबाडी होणारच. विद्यापीठात कशाला कोण खोटं करेल?

चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातले प्राध्यापक विश्वजित गुप्ता हे हिमालयातल्या जीवाश्मांचे मोठे तज्ज्ञ मानले जायचे. सुमारे २५ वर्षं, ३०० हून अधिक शोधनिबंध, शंभराहून अधिक सहलेखक. १९८९ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठातले जॉन टॅलेंट यांनी पुराव्यानिशी लिहिलं की यातले अनेक जीवाश्म हिमालयातले नाहीतच. काही मोरोक्कोतल्या एरफूद इथल्या जीवाश्मांसारखे होते, जे दुकानांत विकत मिळतात. काही अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातल्या अ‍ॅम्सडेल क्रीकच्या प्रसिद्ध नमुन्यांशी तंतोतंत जुळत होते.

इथे खोटं नेमकं काय होतं? जीवाश्म खरेच होते. खोटं होतं त्यांचं लोकेशन. हे आपल्याला पटकन कळेल, कारण फोनवरच्या फोटोमागे बऱ्याचदा तारीख आणि जागा लपलेली असते. ती बदलली की पुण्यातला फोटो लडाखचा होतो. जीवाश्माचंही तेच. तो कुठल्या डोंगरातून, कुठल्या थरातून आला, यावरून त्या थराचं वय ठरतं, खंड कुठून कुठे सरकले ते ठरतं. जागा खोटी असेल तर त्या दगडाला काचेच्या कपाटातल्या शोभेपलीकडे किंमत नाही.

सहलेखक कसे फसले? पद्धत अशी होती की गुप्ता नमुने परदेशातल्या तज्ज्ञांना पाठवायचे. तज्ज्ञ जीवाश्म ओळखून द्यायचे आणि सोबत नाव लावायचे. जागेवर जाऊन पाहिलेलं नसायचं. शोधनिबंधांत जागेचं वर्णनही इतकं मोघम, की दुसऱ्या कुणाला तिथे पोचताच येऊ नये. विश्वासावर चाललं होतं. पुढे त्यांच्याच विद्यापीठातल्या एका सहकाऱ्याने, ज्याचं नाव अशा निबंधांवर होतं, जाहीरपणे आपले हात वर केले. स्वतःच्या नावावरचा निबंध चुकीचा आहे असं छापून सांगायला काय लागतं, याचा विचार करा.

विद्यापीठाच्या चौकशीत गुप्ता दोषी ठरले, तरी निवृत्तीपर्यंत ते विद्यापीठातच राहिले. हिमालयाच्या अभ्यासातून त्यांची माहिती वेगळी काढण्याचं काम मात्र इतरांच्या गळ्यात पडलं. एखाद्या लायब्ररीत खोटा कोड शिरला आणि तिच्यावर शंभर अ‍ॅप उभी राहिली, तर जे होईल तेच.

मामाचा बोअर आणि सहीचा प्रश्न

कॅनडा, मोरोक्को लांब राहिले. आपल्याकडे सगळ्यात जास्त लोकांचा भूगर्भाच्या अंदाजाशी संबंध कुठे येतो? बोअर मारताना.

सोलापूर जिल्ह्यात आमच्या मामांनी काही वर्षांपूर्वी बोअर घ्यायचं ठरवलं. हातावर नारळ ठेवून फिरणारा पाणाड्या त्यांनी टाळला. शिकलेला माणूस बोलावला, जमिनीत सळया ठोकून करंट सोडणारं मशीन घेऊन आलेला. त्याने स्क्रीन दाखवली, एका जागेवर चुना टाकला आणि म्हणाला, "हंड्रेड पर्सेंट. लिहून देतो." लिहून काही दिलं नाही. गाडी लागली, सहाशे फुटांपर्यंत गेली, वर आला तो नुसता फुफाटा. मामांनी कर्ज काढलं होतं.

मशीन खोटं नव्हतं. जमिनीचा विद्युत रोध मोजण्याची ती मान्य पद्धत आहे. पण आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांमध्ये आणि कुजलेल्या थरात असतं. मशीन शक्यता सांगतं, पाणी दाखवत नाही. पुढच्या वर्षी एक निवृत्त भूजलतज्ज्ञ आले. त्यांनी आजूबाजूच्या विहिरी पाहिल्या, मोजणी केली आणि कागदावर लिहून दिलं: शक्यता मध्यम, अमुक खोलीनंतर थांबा, पैसे घालवू नका. खाली नाव, तारीख, सही. मामांना ते आवडलं नाही. "हे काय, नक्की काहीच सांगत नाहीत," म्हणाले. बोअर त्यांनी घेतलाच नाही. आज त्यांच्याकडे शेततळं आहे आणि तो कागद अजून कपाटात आहे.

मला या दोघांतला फरक फार महत्त्वाचा वाटतो. पहिल्याने खात्री विकली. दुसऱ्याने अंदाज दिला आणि त्याखाली सही केली.

ब्रे-एक्सनंतर कॅनडाने नेमकं हेच केलं. २००१ मध्ये नवा नियम आला: शेअर बाजारात असलेल्या खाण कंपनीने खनिजाचा आकडा जाहीर करायचा तर त्यामागे एक 'पात्र व्यक्ती' हवी. तिला किमान पाच वर्षांचा अनुभव हवा, ती व्यावसायिक संघटनेची सदस्य हवी आणि तांत्रिक अहवालावर तिची सही हवी. चूक झाली तर कंपनीचं नाव पुढे करून तिला लपता येत नाही. ऑन्टारियो प्रांताने तर २००० साली भूवैज्ञानिकांच्या नोंदणीचा स्वतंत्र कायदा केला.

आपल्याकडे? खनिजांचे आकडे कसे जाहीर करावेत याची आंतरराष्ट्रीय धर्तीवरची संहिता भारतातही २०१९ मध्ये तयार झाली. खासगी शोधसंस्थांना मान्यता देण्याची पद्धत आहे. नागपूरच्या भारतीय खाण ब्युरोकडे देशभरातल्या खनिजांची सूची ठेवली जाते. पण डॉक्टरला, वकिलाला, सीएला जशी कायद्याने बांधलेली नोंदणी असते, चुकल्यावर जी काढून घेता येते, तशी देशपातळीवरची नोंदणी भूवैज्ञानिकाला नाही. बोअरची जागा दाखवणाऱ्याला तर नाहीच नाही.

आणि आता यात पैशांचं गणितही बदलतंय. २०२३ च्या कायद्यात शोधाचा परवाना घेणाऱ्या कंपनीला बक्षीस ठेवलंय: तिने शोधलेल्या जागेवर पुढे जो खाण घेईल, त्याने भरलेल्या लिलाव प्रीमियममधला वाटा तिला मिळतो. कल्पना वाईट नाही. जोखीम घेणाऱ्याला मोबदला हवाच. शिवाय खाण लिलावात गेल्याशिवाय पैसे येत नाहीत, हा एक ब्रेकही आहे. पण याचा अर्थ असा, की आकडा काढणाऱ्याला आकडा मोठा असण्यात रस आहे. त्या कंपनीत पगारावर असलेली, माझ्याच वयाची एखादी भूवैज्ञानिक 'हे अजून जी-३च आहे' असं म्हणाली आणि साहेब म्हणाले 'जरा पॉझिटिव्ह लिही', तर तिच्या पाठीशी कोण आहे? नोंदणी असती तर ती म्हणू शकली असती, 'माझं लायसन्स जाईल, सर.' आज तिच्याकडे फक्त स्वतःची तत्त्वं आहेत. नियम लोकांना पकडायला असतात हे खरं, पण प्रामाणिक माणसाला 'नाही' म्हणायला कारण देणं हे त्यांचं जास्त मोठं काम आहे.

माझ्या टेबलावरची जी-३

हे दुसऱ्यांना शिकवण्याआधी स्वतःचं सांगतो. एका जुन्या नोकरीत आम्ही पिकाच्या फोटोवरून रोग ओळखणारं मॉडेल करत होतो. टेस्टमध्ये आकडा आला ९४ टक्के. ते फोटो एकाच शेतातले, एकाच फोनने, चांगल्या उजेडात काढलेले होते. मी रिपोर्टमध्ये तसं लिहिलंही. विक्रीच्या स्लाइडवर फक्त ९४ आला. मीटिंगमध्ये मी बसलो होतो. ती स्लाइड आली, गेली. मी काही बोललो नाही. म्हटलं, रिपोर्टमध्ये लिहिलंय की.

सोनभद्रच्या वेळी जीएसआयलाही तसंच म्हणता आलं असतं.

पुढचा फॉरवर्ड आला की

आकडा खरा की खोटा हे तुम्ही-आम्ही घरबसल्या ठरवू शकत नाही. पण तो प्रामाणिकपणे सांगितलाय का, हे पाहता येतं. मी आता पाच गोष्टी बघतो:

१. टन कशाचे? दगडाचे, खनिजाचे की धातूचे? दर टनामागे किती, हे दिलं नसेल तर आकडा अर्धाच आहे.

२. शेपूट कुठाय? जी-४, जी-३, अनुमानित, संसाधन, राखीव, यातला एकही शब्द नसेल तर कुणीतरी तो काढून टाकलाय.

३. सही कोणाची? 'सूत्रांनुसार' की एखादी संस्था, एखादं नाव?

४. दुसऱ्या कुणी तपासलंय का? आणि तपासायचं ठरवलं तर नमुना शिल्लक आहे का?

५. आकडा मोठा असण्यात फायदा कोणाचा? फायदा असला म्हणजे खोटंच असं नाही. पण मग चौथा प्रश्न दोनदा विचारायचा.

एवढं करायला पाच मिनिटं लागतात. मूळ सरकारी निवेदन बहुतेक वेळा ऑनलाइन मिळतं आणि त्यातला तो महत्त्वाचा शब्द साधारण दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत असतो.

आणि शेतात बोअर घ्यायचा असेल, तर जागा दाखवणाऱ्याला फक्त म्हणा, "हे लिहून सही करून द्या." पुढचं त्याच्या चेहऱ्यावर वाचता येईल.